अमेरिकेच्या अध्यक्षांनी प्रचारात दिलेल्या शब्दावर मुलीच्या शिक्षणाचं कर्ज काढावं का?

ऐरोलीकर_बाबा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून लिहितोय.

मी ऐरोलीत राहतो. मुलगी कॉम्प्युटर इंजिनियर आहे, दोन वर्षं नोकरी झाली आणि आता पुढच्या ऑगस्टसाठी तिला अमेरिकेत एमएसला अ‍ॅडमिशन मिळालंय. एकूण खर्च पंचेचाळीस लाखाच्या आसपास जातोय, त्यातलं बरंचसं कर्ज, राहतं घर तारण ठेवून. बँकेचे कागद तयार आहेत, पुढच्या आठवड्यात सही करायचीय आणि माझा हातच पुढे होत नाहीये.

कारण सांगतो. जून २०२४ मध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक क्लिप आली होती. ट्रम्प एका पॉडकास्टमध्ये सांगत होते की आमच्याकडे कॉलेज पूर्ण केलं की डिप्लोमासोबतच आपोआप ग्रीन कार्ड मिळालं पाहिजे, अगदी दोन वर्षांच्या कॉलेजवाल्यांना सुद्धा. बायकोने ती क्लिप तीन वेळा लावून बघितली. मुलगी तेव्हा जावं की नको करत होती, आम्हीच तिला म्हटलं की बघ दोन्ही पक्षांत आता हुशार पोरांना ठेवून घ्यायचं म्हणतायत, जीआरईचा क्लास लाव. म्हणजे निर्णय तिचा नव्हता हो, आमचा होता, आणि तो त्या क्लिपवर झाला होता.

नंतर ते निवडून आले, जानेवारी २०२५ ला शपथ झाली, आणि सप्टेंबरमध्ये एच-१बी वर, म्हणजे तिथे नोकरी करायच्या व्हिसावर, एक लाख डॉलर फी. आपले अठ्ठ्याऐंशी लाख. माझ्या मुलीसाठी कोण कंपनी एवढे भरणार?

इथे नगरसेवक पाण्याचं बोलून गेला आणि पाणी आलं नाही तर पुढच्या वेळी दारात आल्यावर त्याला विचारता येतं. तिकडे माझं मत नाही, माझं तोंड कोणाला दिसत नाही. मग माझ्यासारख्याने त्या शब्दावर किती विसंबायचं? आणि सही करू की नको? कृपया मनापासून सांगा.

घणसोली_रिटर्न

दादा, आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण त्याने तुमची झोप थोडी परत येईल. ती एक लाखाची फी अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवीन अर्ज केला तर आहे. २० ऑक्टोबर २०२५ ला त्यांच्या इमिग्रेशन खात्याने खुलासा केला की जो आधीच कायदेशीररित्या तिथे आहे, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकतोय, आणि तिथूनच एच-१बी मध्ये जातोय, त्याला ती लागू नाही. मुलगी तिथे शिकून तिथूनच बदलणार असेल तर आज तरी ती फी तिच्यावर नाही. आज तरी असं मुद्दाम लिहिलंय.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. मी २००७ ते २०१९ तिकडे होतो, अध्यक्षपदाच्या तीन निवडणुका बघितल्या, मत एकातही नव्हतं, पण प्रत्येक उमेदवाराचं इमिग्रेशनवरचं भाषण आम्ही नवरा बायको रात्री जागून ऐकायचो. बारा वर्षांत मी एकच शिकलो की शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा, हे करायला सही कोणाची लागते?

डिप्लोमासोबत ग्रीन कार्ड ही गोष्ट अध्यक्षाच्या हातातच नाही. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही, हे १९९० च्या कायद्यात लिहिलंय. ते बदलायचं तर काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांतून जावं लागतं आणि वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, व्यवहारात साठ मतं लागतात. २०१९ ला देशनिहाय मर्यादा काढायचं बिल खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, आम्ही पेढे आणले होते, खरंच सांगतो. सिनेटने २०२० च्या डिसेंबरात वेगळाच मसुदा पास केला, दोन्हींचा मेळ बसायच्या आत मुदत संपली, गेलं बिल. ओबामांनी २००८ ला पहिल्याच वर्षात इमिग्रेशनचं बिल आणतो असं सांगितलं होतं, ते सिनेटमध्ये पास व्हायला २०१३ उजाडलं, ६८ विरुद्ध ३२, आणि खालच्या सभागृहाने ते मतदानालाही घेतलं नाही. बायडननी पहिल्याच दिवशी मोठं बिल पाठवलं, तेही तिथेच राहिलं. म्हणजे माणूस खोटारडा असो वा प्रामाणिक, दार उघडायचं आश्वासन काँग्रेसमध्ये जाऊन बसतं.

दार बंद करायचं मात्र बऱ्याचदा एका सहीत होतं. सप्टेंबरची फी अध्यक्षांनी सही केलेल्या घोषणापत्राने आली. जून २०२० ला बाहेरून येणाऱ्या नवीन एच-१बी वाल्यांना बंदी आली तीही तशीच. त्यामुळे तुम्ही क्लिप ऐकताना चांगल्या शब्दाला थोडं वजन द्या आणि वाईट शब्दाला पूर्ण.

पण सगळं एका सहीत होत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय. माझी बायको एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आठ वर्षं घरी बसली होती, इथे बँकेत ऑफिसर होती ती. मे २०१५ मध्ये एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळाली, कार्ड पोस्टाने आलं तेव्हा तिने ते आधी देवासमोर ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि मग मला दाखवलं. २०१७ पासून सरकार म्हणायला लागलं की हे रद्द करणार. नियम रद्द करायचा तर मसुदा काढा, लोकांच्या हरकती घ्या, मग अंतिम करा, त्यामुळे दर सहा महिन्यांनी बातमी यायची की आता येणार मसुदा, आता येणार. आला नाही शेवटपर्यंत. २०२१ च्या जानेवारीत तो प्रस्तावच मागे घेतला. पण त्याआधीच आम्ही परत आलो होतो, कारण तिला रोज सकाळी उठून आधी बातमी बघायची आणि मग ऑफिसला निघायचं हे सहन होईना. कायदा बदलला नव्हता, पण आमचं घर हललं.

तुमच्या मुलीसाठी बघायची गोष्ट म्हणजे ओपीटी. शिक्षणानंतर एक वर्ष आणि आपल्या इंजिनियर पोरांना वरची दोन, अशी तीन वर्षं काम करता येतं, कर्ज बहुतेक त्याच तीन वर्षांत फिटतं. हे कायद्यात नाही, नियमात आहे. म्हणजे काँग्रेस न लागता बदलू शकतं, पण रातोरात नाही. ह्याच्यावर लक्ष ठेवा, भाषणांवर नको.

नौपाडा_मीनल

बाबा, घणसोलीवाल्यांनी कायदा सांगितलाच आहे, मी आमच्या घरचं सांगते.

अमेरिकेत एच-१बी वर असलेला माझा भाऊ बाबांच्या पहिल्या पितृपक्षासाठी दहा दिवसांची रजा काढून आला होता. २१ सप्टेंबरला सर्वपित्री, त्या दिवशी श्राद्ध घालायचं ठरलं होतं. तिकडे शुक्रवारी संध्याकाळी त्या फीचा कागद निघाला आणि आपल्याकडे शनिवारी सकाळी सहा वाजता त्याच्या कंपनीच्या वकिलांचा मेल आला की आहे त्या विमानाने निघा, तुमच्याकडच्या रविवारी सकाळी साडेनऊनंतर जो बाहेर असेल त्याचं काय होईल ते आम्हाला आत्ता सांगता येत नाही. आईने वड्यांसाठी उडीद भिजत घातले होते. तो बाथरूमच्या दारात ब्रश हातात घेऊन तो मेल परत परत वाचत होता, आणि मी लॅपटॉपवर तिकीट बघत होते, पान रिफ्रेश केलं की वीस हजार वाढलेले. शेवटी नेहमीच्या दुप्पट पैसे देऊन दुपारचं मिळालं, तेही दोन ठिकाणी विमान बदलायचं, वेळेत पोचणार नव्हताच, पण वकील म्हणाले निदान वाटेत असा.

मध्येच एका विमानतळावर बसलेला असताना खुलासा आला की ही फी फक्त नवीन अर्जांना, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना काही नाही, ते खुशाल ये जा करू शकतात. तोपर्यंत परत फिरायला उशीर झाला होता. रविवारी चुलतभावाने श्राद्ध केलं, आईने गच्चीवर पान ठेवलं आणि मी फोन उंच धरून भावाला दाखवत होते की बघ शिवला कावळा. त्याला आवाज नीट जात नव्हता, तो नुसता मान हलवत होता.

मला राग धोरणाचा नाहीये, त्यांचा देश आहे, कोणाला घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. राग याचा आहे की ज्या कागदावर लाखो माणसांची घरं अवलंबून आहेत तो शुक्रवारी संध्याकाळी काढायचा आणि त्याचा अर्थ शनिवारी रात्री सांगायचा. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाकडून मी एवढी तरी अपेक्षा ठेवणारच, मत असो नसो.

खारघर_से१२

कर्जाचं म्हणाल तर व्याज दर, मोरेटोरियम, म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या आधीची सूट, किती महिन्यांचं आणि त्या काळात साधं व्याज भरायचं की नाही हे लेखी घ्या. मुलगी परत आली आणि इथल्या पगारावर आली तर हप्ता झेपेल का, हे एका कागदावर मांडा. झेपत नसेल तर सही नको, निवडणूक कोणीही जिंको.

वागळे_इस्टेटवाला

मी वयाने इथल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठा आहे म्हणून एक जुनी गोष्ट. शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती आपल्या ठाण्यात, १९६७ च्या नगरपालिकेत. माझे वडील तेव्हा प्रचाराला पायी फिरले होते. त्यांची साधी समजूत होती की आता वागळे इस्टेटच्या कारखान्यांत आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील, बाहेरच्यांना आधी घेणार नाहीत. मला लागलीसुद्धा, एका इंजिनियरिंग कंपनीत टर्नर म्हणून. पुढे कंपनीच बंद पडली, आजूबाजूच्याही एकामागोमाग एक पडल्या, आणि ती काही बाहेरून आलेल्या माणसामुळे नाही पडली. मशीन जुनी, जागेला सोन्याचा भाव, मालकाला कारखान्यापेक्षा जमीन फायद्याची. वडील शेवटपर्यंत म्हणायचे की नेत्याने लक्ष घालायला हवं होतं.

म्हणून अमेरिकेतल्या ओहायो, मिशिगनमधला कारखाना गेलेला माणूस जेव्हा भिंत बांधणाऱ्याला मत देतो तेव्हा मला तो परका वाटत नाही. २०१६ ला ट्रम्पनी सांगितलं मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधतो आणि पैसे मेक्सिको देईल. सीमा तीन हजार किलोमीटरच्या वर, चार वर्षांत काम झालं सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास, त्यातही बरंचसं जुनं कुंपण काढून नवीन, मेक्सिकोने पैसा दिला नाही, आणि त्या भिंतीच्या पैशावरून ३५ दिवस सरकारचं कामकाज अर्धवट बंद राहिलं. तरी २०२० ला हरताना त्यांना आधीपेक्षा एक कोटीच्या वर जास्त मतं पडली. लोकांनी किलोमीटर मोजले नाहीत. आपल्यासाठी कोणीतरी भांडतोय एवढं त्यांना दिसलं, माझ्या वडिलांनाही तेवढंच हवं होतं.

आपल्याकडेही हेच चालू आहे. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक असा कायदा केला, हायकोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. कर्नाटकने २०२४ ला तसंच बिल आणलं आणि लगेच बाजूला ठेवलं. आणि आपण ठाण्यात बसून म्हणतो की अमेरिकेने आपल्या पोरांना अडवू नये. हे दोन्ही आपल्याच तोंडून येतं, त्याचा विचार मी रोज करतो.

कोपरखैरणे_ऋ

काका तुमचं पटलं पण ‘लोकांना भांडणारा हवा असतो’ इथे थांबून कसं चालेल. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेले १०४ जण अमृतसरला लष्करी विमानातून उतरवले, हातात बेड्या, पायात साखळ्या, आणि त्यात महाराष्ट्रातले पण होते. ते चुकीच्या मार्गाने गेले हे मान्य, एजंटला लाखो रुपये देऊन गेले, पण दुसऱ्या दिवशी राज्यसभेत परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं की अशी परत पाठवणी नवीन नाही, वर्षानुवर्षं होते. नवीन नाही हे उत्तर त्या माणसाच्या आईला पुरेल का? आपलं मत तिकडे नाही पण इकडे तर आहे ना, मग आपल्या नेत्यांना का नाही विचारायचं?

आणि अजून एक, तिकडे सगळं अध्यक्षाच्या मनासारखं होतं असंही नाही. जन्माने नागरिकत्व बंद करायचा आदेश २० जानेवारी २०२५ ला पहिल्याच दिवशी निघाला, पण १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आडवी आली, वेगवेगळ्या कोर्टांनी तो अडवला. तिथली राज्यं आणि सामान्य बायका, अगदी गरोदर असताना, कोर्टात गेल्या. अपेक्षा ठेवली म्हणूनच गेल्या ना.

ऐरोलीकर_बाबा

सगळ्यांचे आभार. मीनलताई, तुमचं वाचून बायकोला रडू आलं, तिच्या वडिलांचंही हे पहिलंच वर्ष होतं.

काल रात्री हा सगळा धागा मुलीला दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली बाबा तुम्ही त्या क्लिपचं मनाला लावून घेऊ नका, मला जायचंच होतं, मी फक्त तुम्ही हो म्हणायची वाट बघत होते. मला हे माहीतच नव्हतं.

खारघरच्या सांगण्याप्रमाणे दोघांनी बसून कागदावर मांडलं. इथल्या पगारावर पंचेचाळीसचा हप्ता झेपत नाही. तिने दुसऱ्या एका सरकारी युनिव्हर्सिटीचं अ‍ॅडमिशन काढलं, फी कमी आहे, तिथे तीस लाखात होतंय आणि तो हप्ता ओढून ताणून बसतो. सोमवारी दोघं बँकेत जाऊन नवीन अर्ज देतोय. घर तारण ठेवताना बायकोचं नाव सहकर्जदार म्हणून लावलं तर व्याजात काही फरक पडतो का, कोणाला अनुभव असेल तर रविवारपर्यंत सांगा.