द्राक्षाच्या टॉनिकची जाहिरात: माहिती की भीतीचा धंदा?

तासगावचा बागायतदार
ऑक्टोबरातली फळछाटणी उरकली, पोंगे (कोवळे कोंब) फुटले आणि मोबाईलवर टॉनिकच्या जाहिरातींचा रतीब सुरू झाला. "घड जिरतायत? आजच फवारा!" (जिरणं म्हणजे कोवळा घड वाढण्याआधीच विरून जाणं.) सोबत तळहातावर धरलेला लांबलचक घड, खाली कुणा नावाजलेल्या बागायतदाराचा फोटो आणि "शेवटच्या काही बाटल्या शिल्लक". आभाळ भरून आलं की असे मेसेज दुप्पट होतात. या जाहिराती आपली घबराट बघून वेळ साधतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

काडीत घड किती येणार हे बरंचसं खरड छाटणीनंतर ठरतं. एप्रिलमध्ये छाटणी झाली की पुढच्या साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. त्या काळात ऊन कमी पडलं, शेंडा जोरात पळाला, की ऑक्टोबरात खुरटलेला गोळी घड निघतो नाहीतर बाळी, म्हणजे घडाऐवजी नुसता तणावा. मे-जूनमध्ये बिघडलेलं काम ऑक्टोबरात एका फवारणीत दुरुस्त होतं असं सांगणं ही फसवणूक आहे. पण त्या वेळी सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं, घड डोळ्यांदेखत जातोय असं वाटतं. मग बाटलीत काय आहे हे विचारायचं भान कुणाला राहतं?

कृषी सेवा केंद्र, मिरज
दादा, अर्धंच सांगितलंत. पोंगा अवस्थेत पाऊस लागला, बोदात (वेलीच्या मुळाजवळच्या मातीच्या वरंब्यात) पाणी साचलं, अन्न घेणारी पांढरी मुळी बंद पडली, तर चांगल्या काडीतला घडही जिरतो. अशा वेळी फवारणीतून दिलेल्या अन्नद्रव्याचा उपयोग होतो, हे शास्त्र आहे.

दुसरं, शेतकऱ्याला फसवतात म्हणणं म्हणजे त्याला अडाणी समजणं. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळचा बागायतदार जीएचे, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे, पीपीएम (पाण्यातलं प्रमाण) तोंडपाठ सांगतो. ठिबक गावोगाव पोचलं त्यात कंपन्यांच्या मेळाव्यांचा आणि प्रात्यक्षिकांचा वाटा नाही का? एकेका कृषी सहायकाकडे कितीतरी गावं असतात. जाहिरातच नको म्हणालात तर नवीन गोष्ट बांधापर्यंत नेणार कोण?

वाळव्याची लेक
काका, पीपीएम पाठ असणं वेगळं आणि रात्री झोप न लागणं वेगळं. माझे पप्पा स्वतः ॲग्रीचे पदवीधर आहेत. शेजारच्या बागेत फवारणीच्या ब्लोअरचा आवाज आला की त्यांचा हात फोनकडे जातो, "त्यांनी काय मारलं?" जाहिरातवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून फोटो नटाचा नसतो, पंचक्रोशीतल्या माणसाचा असतो. त्याने मारलं आणि आपण मारलं नाही, उद्या माल कमी निघाला तर घरचेच विचारतील. ही टोचणी अडाण्याला लागते तशी शिकलेल्यालाही लागते.

पूर्वी कंपनीत फिल्डवर होतो, आता पलूस
तळहातावरच्या घडाबद्दल सांगतो. हात कॅमेऱ्याच्या जवळ धरला की घड मोठा दिसतो, ही सगळ्यात साधी गोष्ट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डेमो प्लॉट निवडताना आधीच जोमदार बाग बघितली जाते. तिथे विरळणी वेळेवर, जीएचं डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) व्यवस्थित, कधी गर्डलिंगही (सालीची गोल पट्टी काढणं) केलेलं. मण्याची फुगवण या कामांची, नाव मात्र बाटलीचं. बागायतदाराला माल फुकट मिळालेला असतो, हे फोटोखाली कुणी लिहीत नाही. न फवारलेली ओळ शेजारी ठेवून दाखवा म्हटलं की विषय बदलतो. दुकानदारांना विक्रीवर मिळणाऱ्या कंपनीच्या स्कीमवर मी बोलत नाही, त्यांना माहीत आहे.

कृषी सेवा केंद्र, मिरज
स्कीम असते, नाकारत नाही. पण स्कीम कुठल्या धंद्यात नसते? आणि एखादी फवारणी जास्त झाली म्हणून बाग बुडत नाही.

तासगावचा बागायतदार
बुडते, साहेब! २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे. शेंडा थांबवायला आपण सर्रास वापरत होतो तेच. आज निर्यातीचा बागायतदार लेबल क्लेम (त्या पिकासाठी औषधाला असलेली मंजुरी) बघून औषध घेतो, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी भिंतीला लावतो. आणि त्याच टाकीत घटक न लिहिलेलं टॉनिक ओततो. औषधाच्या अंशाचा तपासणी रिपोर्ट फेल गेला तर जबाबदार कोण? जाहिरातीतला तो हसरा चेहरा येणार आहे का भरपाई द्यायला?

ग्राहक चळवळीतला, सांगली
कायद्यात सोय आहे, ती वापरा. बायोस्टिम्युलंट, म्हणजे वाढीला चालना देणारी ही टॉनिकं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. घटक, मात्रा, पीक सगळं लेबलवर हवं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. खातरजमा न करता शिफारस करणाराही त्यात सापडतो. तक्रार घेऊन दिल्लीला जायला नको, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते. शेती हा व्यवसाय, मग शेतकरी ग्राहक कसा, असं कुणी अडवलं तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्याच्या प्रकरणात शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे, हे दाखवा. मात्र पक्कं बिल हवं आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपलेला हवा. तेच बहुतेकांकडे नसतं.

वाळव्याची लेक
बिल कसं असणार? माल उधारीवर येतो, हिशेब बेदाणा विकल्यावर. वहीत नुसतं "औषध" लिहिलेलं असतं.

कृषी सेवा केंद्र, मिरज
उधारी आम्ही देतो म्हणून बागा उभ्या आहेत, हेही लिहा. बँक ऑक्टोबरात किती जणांना पैसे देते? पक्कं बिल मागा, मी देतो. बॅच नंबरसकट देतो. पण मग रोगाच्या औषधासारखंच टॉनिकचंही नाव शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मागू नका. माझ्या काउंटरवर दहातले बहुतेक जण फोनमधला फोटो दाखवतात आणि म्हणतात, हेच पाहिजे.

तासगावचा बागायतदार
तो फोटो त्यांच्या फोनवर पाठवला कोणी? तुमच्याच दुकानाच्या ग्रुपवरून आला होता. या हंगामात मी बागेत दोन ओळी न फवारता सोडतोय, खुणेला लाल फीत बांधून. फेब्रुवारीत घड तोलायला दुकानातून कुणीतरी या, वजनकाटा तुमचा आणा.