दहा जणांनी जिंकलेली फायनल

२०२३ची ड्युरँड कप या फुटबॉल स्पर्धेची फायनल कोलकात्याच्या मोहन बागानने नशिबाने जिंकली, असं कुणीतरी लिहिलंय. मला अजिबात पटलं नाही. ६२व्या मिनिटाला बागानचा अनिरुद्ध थापा रेड कार्ड घेऊन बाहेर. समोर ईस्ट बंगाल, ज्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच याच स्पर्धेत बागानला १-० हरवलेलं. बाकी कुणीही बचावात बसलं असतं. पण ७१व्या मिनिटाला बागानचा पेत्रातोस बॉल घेऊन सुसाट पुढे निघाला आणि बॉक्सबाहेरूनच मारला! आम्ही सिडकोत मित्राकडे बघत होतो. काकूंनी आणलेल्या चहावर साय धरली, तरी कुणी कप उचलला नाही. शेवटची वीस मिनिटं तो एक गोल जीव तोडून राखला, तेव्हा कुठे सतरावा ड्युरँड मिळाला. याला नशीब कसं म्हणायचं?