मदत हवी आहे: चांदीच्या पिस्तुलांवरचा ‘सी. एफ.’ कोण?

मिडलँडवासी: घाईत लिहितोय. शेजारच्या आजोबांकडे चकमकीच्या पिस्तुलांची जुनी जोडी आहे. ते घर विकून मुलीकडे निघालेत आणि मला शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. दस्त्याच्या टोकाला चांदीची टोपी, तिच्यावर राक्षसाचा चेहरा, खाली सी. एफ. अशी अक्षरं. या नावाचा बंदूककार कोण? दोन रात्री शोधतोय.

रानवारा: फोटो? देश कुठला? नळीवर काय कोरलंय? एवढ्यावर कोण सांगणार!

कोर्टकचेरी: भारतात शस्त्र कायदा १९५९ लागू होतो. कलम ४५ मध्ये जुन्या, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारांना सूट आहे. चालण्याजोगं असेल तर भानगड होईल.

मिडलँडवासी: इंग्लंडमध्येच राहतो, भारतात न्यायची नाहीत. शोभेसाठी ठेवायला इथे परवाना लागत नाही, ते पाहिलंय. नळीवर ‘लंडन’ आहे. फोटो नाहीत, वस्तू त्यांच्याकडे आहे. कारागीर सांगा फक्त.

गारगोटी: सी. एफ. हा बंदूककार नव्हेच! ती चांदीवाल्याची अक्षरं, बहुधा बर्मिंगहॅमचा चार्ल्स फ्रीथ. टोपी, चापाभोवतीची कमान असलं चांदीकाम बंदूककार बाहेरून घेऊन बसवत. शेजारी जहाजाचा नांगर दिसतो का? १७७३ पासून बर्मिंगहॅमच्या चांदीवर तो शिक्का येतो. बिबट्याचं डोकं असेल तर लंडन. बंदूककाराचं नाव लॉकच्या, म्हणजे चकमकीची ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर असतं, तिथे काय आहे?

मिडलँडवासी: नांगर आहे! चालता सिंह आणि ‘डी’ पण आहे. पट्टीवर ‘ट्विग’ आहे, ते मालकाचं नाव असेल म्हणून लिहिलं नव्हतं.

गारगोटी: अहो, तेच तर हवं होतं! जॉन ट्विग, लंडनचा नावाजलेला बंदूककार, १७९० मध्ये वारला. ‘डी’ हे वर्षाचं अक्षर, म्हणजे १७७६-७७. नळीच्या बुडाशी मुकुटाखाली ‘व्ही’ आणि मुकुटाखाली ‘जीपी’ शोधा. ते लंडनच्या बंदूककार मंडळाचे चाचणीशिक्के. नुसत्या ‘लंडन’वर जाऊ नका, बर्मिंगहॅमवालेही ते सर्रास कोरत.

सह्यकडा: द्वंद्वयुद्धाची जोडी आहे ही, सोडू नका. १८०४ मध्ये अमेरिकेचे पुढारी हॅमिल्टन आणि बर लढले ती पिस्तुलंही लंडनचीच होती, वॉग्डन आणि बार्टनची.

गारगोटी: द्वंद्वाची पिस्तुलं साधी ठेवत, चकाकी डोळ्यावर येऊ नये म्हणून. चांदी मढवलेली ही श्रीमंतांची कमरेला किंवा प्रवासात बाळगायची असावीत.

सह्यकडा: सगळीच साधी नसत. मी लिलावात चांदीची पाहिली आहेत.

माजघर: काळी पडली असतील तर चिंचेच्या कोळाने घासा, आमच्याकडची समई लख्ख निघते.

गारगोटी: कृपा करून चिंच लावू नका! शिक्के झिजतात, किंमतही जाते.

रानवारा: त्याआधी नळी रिकामी आहे का बघा. लाकडी काठी आत घाला, किती आत गेली ते खूण करून बाहेरून नळीशी मोजा. बाजूच्या कानाच्या, म्हणजे रंजकाच्या भोकाच्या, बऱ्याच अलीकडे अडली तर आत दारू-गोळी असू शकते. जुन्या पिस्तुलांत ती सापडते.

पुणेरी_पगडी: मराठ्यांच्या तोड्याच्या बंदुकांवर कोणी माहिती लिहील का?

रानवारा: त्यासाठी वेगळा धागा काढा. मिडलँडवासी, दुसऱ्या पिस्तुलावर काय आहे?

मिडलँडवासी: आत्ता जाऊन आलो. काठी दोन्हींत भोकापर्यंत गेली. चाचणीशिक्के दोन्हींवर आहेत. पण दुसऱ्यावर ‘डी’ नाही. अक्षर झिजलंय, आणि शेजारी राजाचं डोकं आहे.

गारगोटी: राजाचं डोकं डिसेंबर १७८४ पासून, चांदीवर कर आला तेव्हापासून. म्हणजे एक तर टोपी नंतर बदलली किंवा ही मुळात जोडी नव्हेच. लॉकचं कोरीवकाम, नळीची लांबी आणि नळीच्या तोंडाची रुंदी दोन्हींत जुळवून पाहा. जोडीची किंमत मात्र देऊ नका.

मिडलँडवासी: आजोबांना हे ठाऊक नाही, त्यांना आधी सांगतो. मोजपट्टी घेऊन उद्या सकाळी जातो.