निधी आणणारा आमदार की हिशेब मागणारा आमदार?

निवांत

काल येथे एका सदस्याने लिहिले की, 'सभागृहात कोण किती बोलले याला रुग्णाच्या लेखी काडीचीही किंमत नाही. आमच्या आमदारांनी तालुक्याला शंभर खाटांचे रुग्णालय आणले, हेच खरे काम.' दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, पण ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

आमदार रुग्णालय 'आणतो' म्हणजे नेमके काय करतो? राज्यघटनेच्या 203व्या अनुच्छेदानुसार विधानसभा एखाद्या खात्याची खर्चाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते; ती एका रुपयानेही वाढवण्याचा अधिकार तिला नाही. त्यामुळे 'आणण्या'चा सगळा उद्योग मंत्रालयाच्या मजल्यांवर चालतो, आणि दिलेला पैसा गेला कुठे हे विचारण्याचे जे काम घटनेने आमदाराच्या हाती ठेवले आहे, त्याच्या नावाने मात्र आनंदीआनंद असतो. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात महालेखापरीक्षकांचा आरोग्यसेवेवरील अहवाल मांडला गेला. राज्याच्या सरकारी आरोग्यसेवेत एकूण डॉक्टरांची 27 टक्के, परिचारिकांची 35 टक्के आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांची 31 टक्के कमतरता असल्याचे त्यात नोंदवले आहे. भूमिपूजनाचे फलक प्रत्येक चौकात दिसतात. या आकड्यांवर आपल्या आमदारांनी कोणता प्रश्न विचारला, हे सांगणारा एखादा फलक कोणी पाहिला असल्यास कळवावे.

मतदारराजा

ते वाक्य माझेच आहे, तेव्हा 'एका सदस्याने' असा आडपडदा ठेवण्याची गरज नव्हती.

आपण ज्या अहवालाचा दाखला देता तो 2016 ते 2022 या काळाचा आहे आणि तो सभागृहात आला 2024च्या अखेरीस. याला हिशेब मागणे म्हणत नाहीत, शवविच्छेदन म्हणतात. पुढे अशा अहवालांची छाननी करणारी आमदारांची लोकलेखा समिती सचिवांची साक्ष घेणार, तीही बंद दाराआड, आणि तिच्या शिफारशी येईपर्यंत ते सचिव बहुधा निवृत्त झालेले असणार. कपात सूचनेचे कौतुक तर सांगूच नका; खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा म्हणायचे, मंत्र्यांचे उत्तर ऐकायचे आणि सूचना मागे घ्यायची.

माझ्या पत्नीच्या पहिल्या बाळंतपणाला आम्ही जिल्ह्याच्या गावी जीपने गेलो होतो, साठ किलोमीटर, पावसात. दुसरे बाळंतपण घरापासून बारा किलोमीटरवर, याच नव्या इमारतीत झाले. तुमच्या अनुच्छेदाने तिला तेथे पोहोचवले नसते.

मार्चअखेर

आरोग्य खात्याच्या लेखा शाखेत तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे दोघांनाही थोडे ऐकवावेसे वाटते.

इमारतीचा पैसा सार्वजनिक बांधकाम विभागामार्फत खर्च होतो, यंत्रसामग्रीचे लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातले खर्चाचे खाते, वेगळे आणि पदनिर्मितीची फाईल वित्त विभागाच्या मंजुरीसाठी ताटकळत असते. आमदार पहिल्या फाईलीच्या मागे हात धुऊन लागतो, कारण तिला फीत कापता येते. आमच्याकडे एका वर्षी 'बीम्स'वर (सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) यंत्रसामग्रीचे अनुदान मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले. परत जाऊ नये म्हणून रात्री जागून देयके कोषागारात घातली आणि क्ष-किरण यंत्र घेतले. तंत्रज्ञाचे पद मंजूरच नसल्यामुळे ते यंत्र दोन वर्षे वेष्टनात राहिले आणि त्याच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. खर्चाच्या तक्त्यात मात्र त्या वर्षी शंभर टक्के खर्च दिसतो. आमदारांपैकी कोणी नुसते विचारले असते की यंत्र चालवतो कोण, तर आम्हाला उत्तर द्यावे लागले असते. प्रश्नाची लेखी सूचना आली की कार्यालयात कशी धावपळ होते, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. तेव्हा मतदारराजांनी ती थट्टा आवरावी.

औषधांचेही तेच. 2017 मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे एकवटली, पुरवठ्याच्या तक्रारी वाढल्या, म्हणून 2023 मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण काढले. त्याच वर्षी नांदेडच्या सरकारी रुग्णालयातले मृत्यू झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी का नाही, ही चर्चा न्यायालयात झाली. असा प्रश्न लावून धरण्याची जागा सभागृह असते.

मतदारराजा

पदे मंजूर केली तरी माणसे येतात कुठे? सरकारी महाविद्यालयात आमच्या करावर शिकायचे आणि एक वर्षाची बंधपत्रित सेवा म्हटली की आजारपणाचे दाखले जोडायचे. यात आमदाराने काय करायचे? खरे दुखणे निधीचे नाही, डॉक्टरांच्या वृत्तीचे आहे.

डॉ. आडवाट

हे वाचून हात शिवशिवले म्हणून लिहितो. मी बंधपत्राच्या सेवेसाठी एका ग्रामीण रुग्णालयात गेलो आणि वर्षाऐवजी तीन वर्षे राहिलो. निवासस्थानाचे छत गळत होते, दोघांचे काम एकटा करत होतो आणि पहिले मानधन पाचव्या महिन्यात हाती पडले, कारण अनुदान आले नव्हते. एका अपघातग्रस्ताचा मृत्यू झाला त्या रात्री तीस-चाळीस जणांनी मला खोलीत कोंडून मारले. त्यांचा म्होरक्या तेथील लोकप्रतिनिधीचा कार्यकर्ता होता. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा 2010 पासून अस्तित्वात आहे. माझी तक्रार नोंदवायला चार दिवस लागले. वृत्तीविषयी आपण पुन्हा एकदा बोला.

सांजवात

डॉक्टरसाहेब, तुमच्यावर गुदरले ते वाईटच. पण माझ्या आईला साप चावला तेव्हा ग्रामीण रुग्णालयात लस होती आणि डॉक्टर नव्हते. ते शेजारच्या शहरात स्वतःच्या दवाखान्यात बसले होते. परिचारिकेने त्यांना फोनवर विचारून लस टोचली म्हणून आई आज आहे. या अनुभवाचे मी काय करावे? तुमच्यातले बरेच जण चांगले असतील. आमच्या वाट्याला ते आले नाहीत.

डॉ. आडवाट

त्या एका डॉक्टरासाठी माझ्याकडून माफी हवी असेल तर ती मिळणार नाही. सरकारी नोकरी असताना व्यवसायरोध भत्ता (खासगी व्यवसाय न करण्याबद्दल मिळणारा) घेऊन तो खासगी दवाखाना चालवत असेल, तर हजेरीपट आणि भत्त्याची देयके मागवायची असतात. ती कोणी मागवली?

मतदारराजा

म्हणजे शेवटी खापर आमदाराच्याच माथी. सासूने फोडले तर मडके कच्चे, सुनेने फोडले तर हात लांब.

निवांत

मतदारराजा, आपण चिडला आहात, तरीही पाहा: डॉक्टरांचे रखडलेले मानधन, न दिलेले तंत्रज्ञाचे पद आणि फुकट गेलेला भत्ता या तिन्ही गोष्टी अर्थसंकल्पावरील देखरेखीच्याच आहेत. आमदार निधी वर्षाला पाच कोटी झाला, त्यातून रुग्णवाहिका घेता येते. पण पगार-इंधनासारखा आवर्ती खर्च त्यातून भागवता येत नाही. म्हणून आमच्या तालुक्यात छायाचित्रासह रुग्णवाहिका उभी आहे आणि चालक नाही.

आपल्या पत्नीचे बाळंतपण जवळ झाले ही गोष्ट मी धाग्यात आधीच मोजायला हवी होती, हे मान्य. इमारत फुकाची असते असे मला म्हणायचे नव्हते, लिहिताना तसे झाले.

सांजवात

15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे गेले, ते चांगलेच झाले. बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी मात्र गेलेली नाही. मागच्या महिन्यात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ती पुन्हा हाती आली.

मार्चअखेर

ते शुल्क रुग्णालयाच्याच खात्यात राहायचे आणि त्यातून दिवे, नळ, किरकोळ औषधे भागायची. शुल्क रद्द करणे योग्य. पण ती तूट कोणत्या लेखाशीर्षातून भरून निघाली, हा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, होऊ शकतो. मसुदा मी लिहून देतो.

मतदारराजा

द्या. आमदारांचे स्वीय सहायक माझ्या ओळखीचे आहेत, कागद मी स्वतः पोहोचवतो. उत्तर 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असे येईल, यावर माझी पैज आहे. आणि हो, परवा पत्नीला पाय मुरगळल्यामुळे त्याच नव्या इमारतीत नेले होते. क्ष-किरणासाठी आम्हाला बाहेर पाठवले. हे मी मुद्दाम लिहिले नव्हते.