नॉकआउट कंट्रोल नसेल तर ५-एचटी२ए चं स्टेनिंग ग्राह्य धरावं का?

चेताक्षी
माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. ५-एचटी२ए हा सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशरसायनाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन. तो ४७१ अमिनो आम्लांचा आणि पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारा. बाहेर डोकावणारा भाग थोडाच, म्हणून बहुतेक अँटिबॉडी (स्टेनिंगमध्ये रिसेप्टरला चिकटून तो दाखवणारी प्रथिनं) एका टोकाच्या छोट्या पेप्टाइडवर (प्रथिनाच्या तुकड्यावर) बनवतात. त्यात ऊतकात रिसेप्टर असतो कमी, त्यामुळे भलतंच प्रथिन पकडलं गेलं तर तेच जास्त उठून दिसतं. २००९ मध्ये एका औषधशास्त्रीय नियतकालिकात मस्कारिनिक, अ‍ॅड्रेनर्जिक अशा रिसेप्टरांच्या विकतच्या अँटिबॉडींची तपासणी आली. त्यांतल्या कित्येक अँटिबॉडी नॉकआउट उंदराच्या (ज्याचं त्या रिसेप्टरचं जनुक निकामी केलेलं असतं) ऊतकातही तसाच रंग देत होत्या.

"पेप्टाइड मिसळल्यावर रंग गेला" हा पुरावा मी मानत नाही. पेप्टाइडने अँटिबॉडीचे हातच बांधले जातात, मग योग्य पकड जाते तशी चुकीचीही जाते. खरी परीक्षा म्हणजे एचटीआर२ए (या रिसेप्टरचं जनुक) नॉकआउट आणि साध्या उंदराचे काप एकाच वेलमध्ये रंगवायचे आणि एकाच एक्स्पोजरवर फोटो घ्यायचे. कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या) पाचव्या थरातून वर पृष्ठभागाकडे जाणारे डेंड्राइटचे (चेतापेशीच्या फांद्यांचे) बारीक दोरे नॉकआउटमध्येही दिसले, तर ती अँटिबॉडी बाद.

काचपट्टी
मग मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी मेंदूचं काय करायचं? माणसाचा नॉकआउट कुठून आणणार? अँटिबॉडी पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये पाच मार्ग सांगितले, जनुकीय कंट्रोल त्यांतला एक. रिसेप्टरच्या दोन वेगळ्या टोकांवरच्या दोन अँटिबॉडींनी एकच चित्र दिलं, २ए टाकलेल्या एचईके पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) रंगल्या, २बी आणि २सी हे जवळचे रिसेप्टर टाकलेल्या कोऱ्या राहिल्या आणि ऑटोरेडिओग्राफीशी (किरणोत्सर्गी औषध चिकटवून रिसेप्टरची जागा दाखवणाऱ्या पद्धतीशी) थर जुळले, तर मी तो निकाल फेकून देणार नाही. आरएनए इन सिटू (कापातच रिसेप्टरचा आरएनए शोधणं) करून फार तर कोणती पेशी ते कळतं. रिसेप्टर डेंड्राइटवर कुठे बसलाय, ते त्यातून कळत नाही.

शिवाय बराच दोष फिक्सेशनचा (ऊतक रसायनाने टिकवण्याचा) असतो. या रिसेप्टरच्या सी-टोकाला पीडीझेड प्रथिनं चिकटतात. फॉर्मॅलिनने ती तिथेच जखडली की एपिटोप (अँटिबॉडी चिकटते ती जागा) झाकला जातो. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये एक रात्र पुरे. नंतर एपिटोप उघडा करायला १० मिलिमोलर सोडियम सायट्रेट, पीएच ६, ८० अंशांवर ३० मिनिटं. ४० मायक्रॉनचे तरंगते काप उकळू नका, ते आक्रसतात. मानवी ऊतकात लिपोफ्युसिन (वयाबरोबर पेशींत साठणारं रंगद्रव्य) स्वतःच चमकतं. त्यावर ७० टक्के अल्कोहोलमधला ०.१ टक्का सुदान ब्लॅक बी, तोही सेकंडरीनंतर (पहिल्या अँटिबॉडीला पकडून ती दाखवणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीनंतर). पुढच्या धुण्यात ट्रायटन (डिटर्जंट) नको, नाहीतर सुदान ब्लॅक निघून जातो.

जेलपट्टा
वेस्टर्न (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) करणाऱ्यांसाठी: नमुना ९५ अंशांवर उकळू नका, ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. उकळल्यावर रिसेप्टरचे गठ्ठे होतात आणि ते जेलच्या तोंडाशीच अडकतात. मग ५३ किलोडाल्टनजवळ एक रेखीव बँड दिसतो आणि लोक खूश होतात. या रिसेप्टरवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यामुळे बँड सहसा पसरट आणि जरा वर यायला हवा. पीएनगेज एफ (या साखळ्या तोडणारं एन्झाइम) दिल्यावर तो खाली सरकला नाही, तर संशय घ्या.

आणि उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी उंदराच्याच ऊतकावर वापरली, तर सेकंडरी रक्तवाहिन्यांतलं आयजीजी (उंदराची स्वतःची अँटिबॉडी) पकडते. आधी फॅब तुकड्यांनी (अँटिबॉडीच्या पकडणाऱ्या तुकड्यांनी) ब्लॉक करा किंवा सशाची अँटिबॉडी घ्या.

चेताक्षी
@काचपट्टी, सुदान ब्लॅकचं पटलं. एचईकेचं नाही. त्या पेशींत रिसेप्टर ऊतकापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. तिथे पास झालेली अँटिबॉडी कॉर्टेक्समध्ये दुसरं काही पकडणार नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. ऑटोरेडिओग्राफीत तुम्ही ट्रिशिएटेड केटान्सेरिन (रिसेप्टरला चिकटणारं किरणोत्सर्गी औषध) वापरत असाल, तर ते व्हीमॅट२ या वेगळ्या प्रथिनालाही चिकटतं, स्ट्रायटममध्ये (मेंदूच्या आतल्या एका भागात) तर नक्कीच. त्याऐवजी एम१००९०७ (२ए ला जास्त नेमकं चिकटणारं औषध) घ्या. तरीही तिथे थर दिसतात, डेंड्राइट दिसत नाहीत. म्हणजे ज्या दाव्यासाठी तुम्हाला अँटिबॉडी हवी, तोच दावा विनातपासणी राहतो. निदान अँटिबॉडीचा तोच लॉट (बॅच) आधी उंदराच्या नॉकआउटवर तपासा.

काचपट्टी
लॉटचं मान्य. पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) असेल तर दर नव्या लॉटला तपासणी नव्याने करायलाच हवी. पण पेप्टाइडचा क्रम माणसात आणि उंदरात वेगळा असेल, तर तुमचा नॉकआउट मानवी कापाबद्दल फारसं सांगत नाही. अशा वेळी मी "रिसेप्टर" न लिहिता "५-एचटी२ए-सदृश इम्युनोरिअ‍ॅक्टिव्हिटी" (अँटिबॉडीने दिलेला रंग) लिहीन आणि छापीन.

चेताक्षी
मी छापणार नाही. वाचणारा "सदृश" विसरतो आणि पुढच्या पेपरात तो रिसेप्टरच होतो. तुम्ही छापणारच असाल तर प्रत्येक रनमध्ये सेरिबेलमचा (लहान मेंदूचा) एक काप ठेवा. तिथे या रिसेप्टरचं बंधन जवळपास नसतं, म्हणूनच पीईटीवाले (जिवंत मेंदूचं स्कॅन करणारे) तो भाग संदर्भासाठी घेतात. त्या कापात पर्किंजे पेशी (तिथल्या मोठ्या चेतापेशी) झगझगीत दिसल्या, तर कॉर्टेक्समधली मोजणी तिथेच थांबवा.