मदत हवी आहे: आईला घेऊन कँडीत चार रात्री, बुद्धांच्या दंतधातूपुढे निवांत बसता येईल का?

जय भीम, नमस्कार मंडळी.

जानेवारीत आईला घेऊन श्रीलंकेला जातोय. तिचं वय ७१. गुडघे दुखतात, काठी घेऊन चालते, दहा-बारा पायऱ्या झाल्या की थांबावं लागतं. तिला समुद्र नको, सफारी नको. फक्त कँडी. १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी तिथे गेले होते, हे तिनं लहानपणी आजोबांकडून ऐकलंय. "दंतधातूपुढे बसून एकदा वंदना म्हणायची," हे तेव्हापासून तिच्या मनात आहे. दंतधातू म्हणजे तिथल्या मंदिरात जपलेला बुद्धांचा दात.

एका सहल कंपनीकडून कार्यक्रम मागवला. त्यात कँडीला एकच दिवस: सकाळी हत्ती, दुपारी बाग, मग रत्नांचं दुकान, नाचाचा खेळ आणि दळदा माळिगावाला, म्हणजे दंतधातूच्या मंदिराला, पाऊण तास. आईनं कागद वाचला आणि काही न बोलता घडी घालून परत दिला. मला फार वाईट वाटलं. म्हणून आता सगळं स्वतःच आखतोय, चार रात्री कँडीतच राहून.

एवढं कळलंय: माळिगावात दिवसातून तीन वेळा पूजा होते. पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा. तेव्हा खाली ढोल वाजतात, वरच्या मजल्यावरचं गर्भगृहाचं दार उघडतं आणि लोक रांगेनं पुढे सरकतात. धातू स्वतः दिसत नाही. दिसतो तो स्तूपाच्या आकाराचा सोन्याचा करंडक, आणि त्याच्या आत एकात एक असे आणखी करंडक आहेत. आईला हे आधीच सांगितलंय. ती म्हणाली, "दिसायला कशाला हवा? तिथं आहे ना, झालं." कलिंगाच्या राजकन्या हेममालीनं तो केसांत लपवून लंकेत आणला, ही कथा तर तिनंच मला शिकवलीय.

आता प्रश्न. तीनपैकी कोणत्या पूजेला गर्दी कमी असते? आणि रांगेत ढकलाढकली न होता म्हातारं माणूस वर कुठेतरी अर्धा तास बसू शकतं का? गुडघ्यांमुळे मांडी घालणं जमत नाही, भिंतीला टेकून पाय पसरावे लागतात. तिथे बुद्धरूपाकडे पाय करून बसणं बरं दिसत नाही, हे माहीत आहे. त्याचंच मला जास्त टेन्शन आहे.

दुसरं, गडलादेनिया, लंकातिलक आणि एम्बेक्के ही शहराबाहेरची तिन्ही जुनी मंदिरं तिला झेपतील का? पौर्णिमा धरून जावं की टाळून?

प्रतिसाद

दादा, मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या तेव्हा अडुसष्टच्या. पहाटेचीच पूजा धरा. संध्याकाळी पर्यटकांचे जथ्थेच्या जथ्थे येतात, सगळे फोन उंच करून उभे. पहाटे बहुतेक जण तिथलेच असतात, पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळं नाहीतर चाफा. आईंनाही पांढरी साडी नेसवा. खांदे-गुडघे झाकलेले लागतातच, पण पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बाईला लोक आपणहून वाट देतात. आम्हाला दिली.

वर गर्भगृहासमोरच्या मोकळ्या जागेत लोक जमिनीवर बसून म्हणत असतात. दाराकडे तोंड करून मधे बसवू नका. बाजूच्या भिंतीशी आडवं बसवा आणि पायांवर शाल टाका, म्हणजे पाय समोर होत नाहीत. सासूबाई तशाच बसल्या. शेजारच्या आजींनी "नमो तस्स भगवतो" सुरू केलं आणि यांनीही त्याच सुरात उचललं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला सिंहली येत नाही, पण पाली दोघींची एकच. शेवटी तीनदा "साधू" झालं आणि त्या आजींनी आपल्यातली दोन फुलं यांच्या ओंजळीत घातली. मला आजही ते आठवलं की भरून येतं.

वरती थकल्या तर मागच्या बाजूला खाली अलुत माळिगाव आहे. मोठं दालन, बुद्धमूर्ती, भिंतींवर धातूच्या प्रवासाची चित्रं. तिथे हवं तितका वेळ बसा. बुधवार सापडला तर सोडू नका. त्या दिवशी नानुमुर मंगल्य असतं: धातूचं प्रतीकात्मक स्नान होतं आणि वनौषधींचं सुगंधी पाणी जमलेल्यांना देतात. पौर्णिमेला मात्र सगळं गावच लोटतं, या गुडघ्यांना नको.

प्रतिसाद

बाहेरच्या तिघांबद्दल. लंकातिलक उघड्या खडकावर आहे, खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत आणि अनवाणी चढायचं. ऊन तापलं की पाय भाजतात. आईंसाठी मी ते सोडेन. एम्बेक्के नक्की दाखवा: लाकडी खांबांवर नर्तकी, मल्ल, एकमेकांत गुंतलेले हंस. मान वर करून छत बघायला सांगा, सव्वीस वासे एकाच लाकडी खुंटीत येऊन मिळतात. गडलादेनिया १३४४ चं, दगडी, दक्षिण भारतीय घडणीचं. त्याचा स्थपती गणेश्वराचारी दक्षिणेतून आलेला होता. पेराडेनियाच्या बागेला अर्धा दिवस द्या, १४७ एकर आहे, घाई केली तर नुसती पायपीट होते. कँडीतल्या तलावाकाठचा रस्ता सपाट आहे, रोज संध्याकाळी थोडं थोडं चालवा. माळिगावासमोरचं नाथ देवालय चुकवू नका. तिथला नाथ म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. आवारात बोधिवृक्ष आहे, सावलीत बसता येतं. कोलंबोहून ट्रेननं येताना उजवीकडची खिडकी घ्या.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. दोन फुलांपाशी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. पहाटेची पूजा पक्की, बुधवार धरून तिकिटं काढतोय, लंकातिलक रद्द. एकच राहिलं: पहाटे पाचला माळिगावाच्या बाहेर फुलं मिळतात का, की आदल्या संध्याकाळी घेऊन पाण्यात ठेवावी लागतील? आईला कमळंच हवी आहेत.