मजुरी आपापसात ठरवायची, पण कोणाशी?
धंद्याला लायसन्स असो की मजुरी, मजूर आणि मालक आपापसात काय ते ठरवतील, सरकारने मध्ये पडूच नये, असं काही जण म्हणतात. लायसन्सच्या कटकटीबद्दल पटतं, मजुरीबद्दल अजिबात नाही. माझे वडील भुसार बाजारात हमाल होते, पोती वाहून मानेखालची कातडी घट्टे पडून कायमची जाड झालेली, आणि गाळा रोज वेगळा, म्हणजे मालकही रोज वेगळा, मग ठरवणार कोणाशी? १९६९ च्या माथाडी (म्हणजे ओझी वाहणाऱ्या) कामगारांच्या कायद्यामुळे हमालांच्या टोळीची नोंदणी माथाडी बोर्डात, मजुरी व्यापाऱ्याने तिथेच भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम, त्यातूनच पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस. कंबर गेली तेव्हा फंडाचे पैसे होते म्हणून वडील काम सोडू शकले, नाहीतर तशीच पोती उचलत राहिले असते.

माथाडीच्या नावाने खंडणी मागणारे आहेतच, त्यांना खुशाल आत टाका, पण त्यापायी बोर्ड मोडू नका.